बालवर्गातील यवन

आमच्या मंडळातर्फे उन्हाळ्याच्या सुट्टीत जो बालवर्ग भरतो, त्यात इतिहासाचा तास माझ्याकडे असतो. गेल्या सुट्टीत मी मुलांना प्राचीन ग्रीस देशाची ओळख करून दिली. मुले ती घरी जाऊन सांगू लागली, आणि मग मंडळाच्या बैठकीत हळदीकुंकवापेक्षा ह्याच विषयावर अधिक बोलणे झाले. एका वडीलधाऱ्या भगिनींनी मला सरळ विचारले, "का हो बाई, आपल्या इतिहासाला काय तोटा पडला, म्हणून तुम्ही पोरांना परक्यांचे सांगत बसलात?" दुसऱ्या एकींना 'यवन' हा शब्दच खटकला. त्यांच्या घरातील मुलगा 'यवनांनी आपल्याकडे लेणे खोदले' असे सांगत होता, आणि यवनांनी देवळे पाडली एवढेच त्यांनी आजवर ऐकलेले. प्रश्न दोन्ही रास्त होते. बैठकीत त्यांची उत्तरे अर्धवटच राहिली, म्हणून ह्या स्मरणिकेत ती सावकाश लिहीत आहे.

आधी शब्दाचे पाहू. ग्रीक लोकांची एक शाखा आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर राहत असे. त्या प्रदेशाचे नाव आयोनिया. इराणी लोकांनी तेथल्या रहिवाशांना 'यौन' म्हटले, आपल्याकडे संस्कृतात त्याचे 'यवन' झाले आणि प्राकृतात 'योन'. म्हणजे मुळात यवन म्हणजे ग्रीक. पुढे वायव्येकडून आणि समुद्रावरून जो कोणी परका येई, त्याला सरसकट तोच शब्द लागू लागला, आणि कित्येक शतकांनंतर तो मुसलमानांनाही लावला गेला. आपल्या बखरींतले यवन वेगळे आणि लेण्यांतले यवन वेगळे. दोघांमध्ये हजार-दीड हजार वर्षांचे अंतर आहे. युनानी औषधांतील 'युनानी' हा शब्दही ह्याच आयोनियातून निघालेला आहे. अरबी वैद्यांनी ग्रीकांचे वैद्यक शिकून घेतले आणि त्याला त्यांचेच नाव ठेवले.

आता लेण्यांविषयी. आपल्या नरडाण्यावरून जो मुंबई-आग्रा रस्ता जातो, तोच पुढे नाशिकजवळ पांडवलेण्यांच्या डोंगराखालून जातो. आपल्यापैकी पुष्कळजणी त्र्यंबकेश्वराला किंवा वणीला जाताना त्या बाजूने गेल्या असतील. त्या डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. पांडवांचा त्या लेण्यांशी काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी खोदलेली आहेत, आणि कोणी खोदविली हे भिंतींवर ब्राह्मी लिपीत लिहून ठेवलेले आहे. तेथील सतराव्या लेण्यात एक लेख आहे. दात्तामित्री गावचा, उत्तरेकडला यवन, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त ह्याने हे लेणे, आतले चैत्यगृह आणि पाण्याची टाकी करविली, असे त्यात म्हटले आहे. हे सारे त्याने आपल्या आईवडिलांसाठी केले, आणि त्यात त्याचा मुलगा धम्मरखित हाही सहभागी होता. दात्तामित्री हे गाव दिमित्र नावाच्या ग्रीक राजाच्या नावावरून वसलेले असावे, असे अभ्यासक मानतात. मुलांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की ग्रीक माणसाचे नाव इंद्राग्निदत्त कसे? त्यात इंद्र आहे, अग्नी आहे. बापाचे नाव धम्मदेव, मुलाचे धम्मरखित. ह्याचे उत्तर मी त्यांच्याकडूनच काढून घेतले. आपल्या गावात औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांतील मुले दोन-चार वर्षांत अहिराणी बोलू लागतात, आणि घरात मात्र आपल्या बोलीत बोलतात. तसेच हे. इंद्राग्निदत्ताच्या घराण्याला ह्या देशात राहून पिढ्या झाल्या होत्या, तरी आपण यवन आहोत हे तो लपवीत नव्हता.

ह्याच डोंगरावर, थोड्या अंतरावर, तिसऱ्या क्रमांकाचे लेणे आहे. ते गौतमी बलश्री ह्या राणीने दान दिलेले. सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी ह्याची ही आई. मुलगा गेल्यावर, नातू पुळुमावी ह्याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी तिने हा लेख कोरविला आणि त्यात आपल्या मुलाचे पराक्रम सांगितले. महाराष्ट्रातील इतक्या जुन्या काळातला, एका आईच्या तोंडचा एवढा मोठा लेख मला दुसरा ठाऊक नाही. त्या लेखात ती अभिमानाने म्हणते, की माझ्या मुलाने शक, यवन आणि पल्हव ह्यांचा नाश केला. एका लेण्यात यवनांचा नाश केल्याचा गौरव, आणि त्याच डोंगरावर यवनाने आईवडिलांसाठी खोदविलेले लेणे! मुलांना मी दोन्ही सांगितले आणि वहीत दोन्ही लिहून घ्यायला लावले. एका मुलाने विचारले, की ह्यांतले खरे कोणते? दोन्ही खरी. राजे लढत होते, आणि त्याच काळात व्यापारी, कारागीर, भाविक लोक शेजारी शेजारी राहत होते.

कार्ल्याच्या लेण्यांतही असेच आहे. तेथील मोठ्या चैत्यगृहातील कित्येक खांब एकेका यवनाने दान दिलेले आहेत, आणि हे दाते धेनुकाकट नावाच्या गावचे. सिहधय, यसवधन, धमधय अशी त्यांची नावे. जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दाने नोंदलेली आहेत. आणि ज्या भगिनी रोज विष्णुसहस्रनाम म्हणतात त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. मध्य प्रदेशात विदिशेजवळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा एक दगडी स्तंभ उभा आहे. हेलिओदोर नावाच्या ग्रीक वकिलाने, म्हणजे राजदूताने, तो वासुदेवाचा गरुडध्वज म्हणून उभारला आणि त्यावर स्वतःला भागवत म्हणवून घेतले.

हे लोक इतक्या दूरवर आले कशासाठी? पोटासाठी, म्हणजे व्यापारासाठी. इ. स. च्या पहिल्या शतकातील एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेले समुद्रप्रवासाचे एक पुस्तक आहे. त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. ते काव्य नव्हे की पुराण नव्हे, धंदेवाल्याचे टिपण आहे. कोणत्या बंदरात काय विकते, काय मिळते, भरती-ओहोटी कशी असते, हे त्यात लिहिले आहे. त्यात भडोच बंदराची हकीकत आहे, आणि भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, असे सांगितले आहे. पैठणहून रंगीत दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी भडोचला नेत. भडोच ते पैठण सरळ रेघ ओढली तर ती डांगच्या डोंगरांतून जाते. भरलेल्या बैलगाड्या तेथून कशा जातील? माझ्या मते त्यांनी तापीचे सपाट खोरेच धरले असले पाहिजे. आपली सुरत-भुसावळ रेल्वे बांधणाऱ्यांनीही तेच खोरे धरले.

त्या पुस्तकातील एक बारीक नोंद मला फार आवडते. भडोचच्या बाजारात जुनी ग्रीक नाणी अजून चालतात, त्यांवर ग्रीक अक्षरे आहेत आणि अपोलोदोत व मिनँडर ह्या राजांची नावे आहेत, असे तो लिहितो. राजे जाऊन दोनएकशे वर्षे होत आली तरी त्यांची नाणी बाजारात फिरतच होती. ह्या नाण्याला ग्रीक भाषेत 'द्राख्मे' म्हणत. संस्कृतात त्याचे 'द्रम्म' झाले, प्राकृतात 'दम्म', आणि मराठीत 'दाम'. आपण 'दाम दुप्पट' म्हणतो, 'पदरी दमडी नाही' म्हणतो, तेव्हा तो ग्रीकांचा शब्द उच्चारतो. आणि मिनँडर म्हणजेच पाली ग्रंथातला मिलिंद राजा. भिक्षू नागसेनाला त्याने विचारलेले प्रश्न आणि त्याला मिळालेली उत्तरे 'मिलिंदपञ्ह' ह्या ग्रंथात आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय काढले, त्याचे नाव मिलिंद महाविद्यालय आणि त्या परिसराचे नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा गुरू, दोघांचीही नावे त्यांनी विद्यालयाला शोभतील अशी योजली. आपल्या ओळखीत एखादा तरी मिलिंद असतोच. बालवर्गातल्या मिलिंदाला त्या दिवशी भलताच भाव आला होता.

शब्दांचा विषय निघाला की मुलांना थांबवावे लागते. विहीर खोदताना खडक लागला म्हणजे आपण सुरुंग लावतो. हा 'सुरुंग' ग्रीक 'सिरिंक्स' म्हणजे नळी, भुयार ह्यावरून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तो भुयाराच्या अर्थाने येतो. 'केंद्र' हा ग्रीक 'केन्त्रोन'. त्याचा मूळ अर्थ टोचणारे टोक. कंपासचे जे टोक आपण कागदात रोवतो, तेथे वर्तुळाचा मध्य होतो, म्हणून मध्य म्हणजे केंद्र. पुढे परीक्षेचे केंद्र, आरोग्य केंद्र, केंद्र सरकार, सगळीकडे ते टोक जाऊन पोचले. 'कलम' अरबी-फारसीतून आपल्याकडे आले, पण अरबीत ते ग्रीक 'कालामोस' ह्यावरून आलेले आहे. कालामोस म्हणजे बोरू. आणि 'त्याचा होरा चुकला' असे आपण म्हणतो तो होरा म्हणजे ग्रीक भाषेतला तास.

ह्या होऱ्यावरून मुलांना मी एक कोडे घातले. ते इथे देते, कारण उपासतापासाचे वार आपण सगळ्याजणी पाळतो आणि सोमवारनंतर मंगळवारच का, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. जुन्या लोकांनी आकाशातील सात ग्रह दुरून जवळ असे लावले होते : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस होरे. एकेका होऱ्याला क्रमाने एकेक ग्रह धनी, आणि दिवसाच्या पहिल्या होऱ्याचा जो धनी, त्याचे नाव त्या दिवसाला. शनिवारी पहिला होरा शनीचा. पुढे मोजत जा. सात सात करता एकवीस संपतात, उरलेले तीन शनी, गुरू आणि मंगळ ह्यांचे. पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पहिला, रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. रवीपासून तसेच मोजले की चंद्र येतो, म्हणजे सोमवार. त्यापुढे मंगळ. मुलांनी पाटीवर सातही वार काढून पाहिले आणि ते बरोबर जमले. ही रीत ग्रीक विद्येच्या काळात मिसर देशाच्या बाजूला बसली आणि तेथून ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आली. आपल्या फार जुन्या ग्रंथांत तिथी आणि नक्षत्रे आहेत, वार नाहीत. वाराचा उल्लेख असलेला आपल्याकडचा जुना दिनांकित कोरीव लेख मध्य प्रदेशातील एरण येथला, इ. स. ४८४ चा, आणि तो वार गुरुवार आहे. वराहमिहिरानेही ज्योतिषातील यवनांची थोरवी मोकळेपणाने मान्य केली आहे. आपले पंचांग त्यामुळे परके होत नाही. आपल्या पंडितांनी बाहेरचे घेतले, तपासले, त्यात आपली भर घातली. काटकोन त्रिकोणाचा तो प्रसिद्ध सिद्धांत मात्र पायथॅगोरसच्या नावाने शिकविताना मी मुलांना हे सांगायला विसरत नाही की बौधायनाच्या शुल्बसूत्रात तो आधीच आलेला आहे. देवघेव दोन्ही बाजूंनी खरी सांगितली पाहिजे.

गोष्टींच्या बाबतीत मात्र मुलांना काही शिकवावेच लागले नाही. लांडगा आला रे आला, कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ससा आणि कासव, ह्या साऱ्या त्यांना पाठ. त्या इसापाच्या, आणि इसाप हा ग्रीकांकडचा एक गुलाम होता असे हिरोडोटसाने लिहिले आहे, हे ऐकून त्यांना नवल वाटले. छापील मराठीच्या आरंभापासून हा इसाप आपल्यात आहे. तंजावरला सर्फोजी राजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापाच्या गोष्टींचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी पुस्तक छापले गेले. मग सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे ह्यांनी १८२८ साली मुंबईस 'इसापनीतिकथा' काढली. मराठी मुलांच्या हाती जी पहिली छापील पुस्तके आली, त्यांत हे एक. आपल्या पणज्यांना वाचता येत नव्हते, पण त्यांच्या भावांनी शाळेत वाचलेली द्राक्षांची गोष्ट त्यांच्या कानावर आली आणि स्वयंपाकघरात म्हण होऊन राहिली.

आता सावलीची हकीकत. इ. स. पूर्व २४० च्या सुमारास मिसर देशातील अलेक्झांड्रिया शहरात एराटोस्थेनिस नावाचा ग्रीक पंडित तेथल्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेला सायीनी गावी, म्हणजे आजच्या आस्वानला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य विहिरीच्या तळापर्यंत दिसतो, म्हणजे बरोबर डोक्यावर येतो, हे त्याच्या कानी आले. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र उभ्या काठीची सावली पडते. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण दोन्ही गावी समांतरच येतात. मग हा फरक पृथ्वीच्या गोलाईमुळेच असणार. त्याने कोन मोजला, तो पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. दोन गावांमधले अंतर पाच हजार स्टेडिया धरले, त्याला पन्नासने गुणले, आणि पृथ्वीचा घेर अडीच लाख स्टेडिया काढला. काठी, विहीर आणि गुणाकार, एवढेच भांडवल!

आपले नरडाणे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर माथ्यावर येतो : एकदा मेच्या २६ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यास. जुलैत ढग असतात, तेव्हा मे महिनाच कामाचा. वर्ग तेव्हा चालूच होता. माझी पुतणी पुण्यास असते, तिला मी एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करून ठेवायला सांगितले. इथे मुलांनी अंगणात एक मुसळ उभे केले. घड्याळात साडेबाराच्या सुमारास मुसळाची सावली आखडत आखडत त्याच्या बुडाशी गेली आणि नाहीशी झाली. मुले आपल्याच पायांखाली वाकून सावली शोधू लागली. तिकडे पुण्यात काठीची सावली साडेचार सेंटिमीटर पडली, आणि तीही दक्षिणेकडे, कारण सूर्य पुण्याच्या उत्तरेला, आपल्या डोक्यावर होता. मग हिशेब मांडला. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा घेर सुमारे ६२८ सेंटिमीटर. त्यात साडेचार सुमारे १३९ वेळा जातात. पुणे आपल्यापासून जवळजवळ सरळ दक्षिणेला, नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर सुमारे ३०० किलोमीटर. तीनशे गुणिले १३९ म्हणजे ४१ हजार ७०० किलोमीटर. पुस्तकात ४० हजार आहे. सावलीचे टोक पुसट असते, पाव सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, हे मुलांनीच सांगितले. अंगणात बसून पृथ्वी मोजली, हे त्यांनी घरी इतक्यांदा सांगितले की काही घरांतून पुढच्या वर्षीचे वर्गाचे पैसे आगाऊ आले.

राज्यकारभाराचा धडा मात्र इतका सोपा गेला नाही. अथेन्स शहरात इ. स. पूर्व पाचव्या शतकात नागरिक टेकडीवर जमून स्वतः कायदे ठरवीत. तेथे एक विलक्षण चाल होती. एखादा माणूस फार डोईजड झाला आहे असे वाटले, तर वर्षातून एकदा लोक फुटक्या खापरावर त्याचे नाव कोरून टाकीत. सहा हजार खापरे पडली की सर्वांत अधिक नावे ज्याची, त्याने दहा वर्षे गाव सोडून जावयाचे. 'खापर फोडणे' ह्या आपल्या म्हणीचा ह्याच्याशी काही संबंध नाही, तरी मुलांना तीच आठवली. उन्हाळ्यात फुटलेल्या माठांना आपल्याकडे काही तोटा नसतो. खापऱ्या जमवून, खडूने नावे लिहून, मुलांनी तो खेळ मांडला. ज्याचे नाव अधिक, त्याने दहा मिनिटे ओट्यावर जाऊन बसायचे. खापऱ्या मोजल्या, तर वर्गातली सर्वांत हुशार मुलगी निघाली. ती उठून बाहेर गेली, पण तिचे डोळे भरलेले सर्वांना दिसले. मी एका मुलाला विचारले, तू तिचे नाव का लिहिलेस? तो म्हणाला, "सगळ्या प्रश्नांची उत्तरे तीच सांगते."

तेव्हा मी मुलांना अरिस्टायडीसची गोष्ट सांगितली. न्यायी म्हणून त्याची ख्याती होती. खापरांच्या दिवशी एका अडाणी माणसाने त्याला न ओळखता त्याच्याच हाती खापर दिले आणि म्हटले, ह्यावर अरिस्टायडीसचे नाव लिही. त्याने तुझे काय वाईट केले, असे विचारता तो माणूस म्हणाला, काही नाही, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो ते ऐकून मी कंटाळलो. अरिस्टायडीसने मुकाट्याने आपले नाव लिहून दिले. इ. स. पूर्व ४८२ साली तो हद्दपार झाला, आणि दोन वर्षांनी इराणी फौजा चालून आल्या तेव्हा त्याच लोकांना त्याला परत बोलवावे लागले. सॉक्रेटिसाला तर इ. स. पूर्व ३९९ मध्ये बहुमतानेच विष प्यायला लावले. आपल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याचे चरित्र १८५२ सालीच मराठीत आणले होते. गोष्ट संपायच्या आतच तो मुलगा ओट्यावर जाऊन त्या मुलीला बोलावून घेऊन आला. दहा मिनिटे झाली नव्हती.

आत येऊन बसल्यावर तिनेच पुढचा प्रश्न विचारला, आणि तो ह्या साऱ्या विषयातला सर्वांत मोठा प्रश्न होता. "बाई, तठे बाया व्हत्यात का?" त्या टेकडीवरच्या सभेत बायका होत्या का?

नव्हत्या. अथेन्सच्या सभेत बायांना जागा नव्हती, परदेशीयांना नव्हती आणि गुलामांना तर नव्हतीच. गुलाम तेथे हजारोंनी होते. त्या शहराचे वैभव ज्या चांदीच्या खाणींवर उभे होते, त्या खाणी गुलामच खणीत. ऑलिंपिकचे सामने पाहायलाही लग्न झालेल्या स्त्रीला बंदी होती. मुलींच्या वेगळ्या शर्यती हेरा देवीच्या उत्सवात होत. स्पार्टाच्या किनिस्का ह्या राजकन्येने इ. स. पूर्व ३९६ मध्ये आपल्या घोड्यांचा रथ ऑलिंपिकला पाठविला आणि तो पहिला आला. बक्षीस घोड्यांच्या मालकाचे असते, म्हणून तिचे नाव लागले. शर्यत पाहायला मात्र तिला जाता आले नाही. ही गोष्ट मुलींना इतकी आवडली की एकीने वहीवर आपले नावच किनिस्का असे लिहून ठेवले.

हे सांगताना मी मुलांना ग्रीसची पुढची हकीकतही सांगितली. लोकशाही हा शब्द ज्या देशाने जगाला दिला, त्या देशातील स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत पुरुषांच्या बरोबरीने मतदानाचा हक्क १९५२ च्या मे महिन्यात मिळाला. आपल्याकडे पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १९५२ च्या फेब्रुवारीत संपली होती. म्हणजे आपल्या आज्यांनी ग्रीसच्या बायांच्या आधी मत दिले! तेही सुखासुखी झाले नाही. मतदारयाद्या करताना देशभरातील पुष्कळ बायांनी परक्या माणसाला आपले नाव सांगायचे नाकारले, अमक्याची आई, तमक्याची बायको असेच सांगितले, आणि अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून वगळावी लागली. आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ज्या भगिनींनी मला परक्यांचा इतिहास कशाला म्हणून विचारले होते, त्यांना हा भाग त्यांच्या नातीने घरी सांगितला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वर्गात येऊन मागे बसल्या आणि १९५२ साली आपल्या सासूबाई मत द्यायला गाडीतून कशा गेल्या होत्या, हे त्यांनी घरात ऐकले होते तसे मुलांना सांगितले. बोलणे अहिराणीत झाले. मुलांनी माझ्या तासापेक्षा ते अधिक मन लावून ऐकले.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना नाशिकला पांडवलेणी दाखवायला न्यावे असे ठरत आहे. पहाटे निघाले तर ऊन चढायच्या आत डोंगर चढून होतो, आणि आधी तिसरे लेणे, मग सतरावे, असा क्रम मी धरला आहे. मोटारीत मोठ्यांसाठीही जागा राहील. पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा ज्या भगिनींना यावयाचे आहे त्यांनी गुडघ्यांचा विचार करून चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. जेवणाचे डबे ज्याचे त्याने आणावेत.